रविवारचं कोडं आणि एक रिकामा चौकोन

गेल्या रविवारी आमच्या घरी शब्दकोड्यातला एक चौकोन रिकामा राहिला. तसा तो महिन्यातून एकदोनदा राहतोच, त्यात विशेष काही नाही. पण या वेळी माझी जी चिडचिड झाली ती बुधवार उजाडला तरी उतरेना. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. चाळीसहून जास्त वर्षं दर रविवारी कोडं सोडवते आहे, तेव्हा त्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला असावा असं मी धरून चालते.

तर झालं असं. आडवा शब्द दोन अक्षरी, शोधसूत्र 'हत्ती'. पहिलं अक्षर 'इ' आलेलं, कारण उभ्यात 'इरसाल' बसला होता. दुसरं अक्षर रिकामं. त्या रिकाम्या चौकोनातून खाली जाणारा उभा शब्द चार अक्षरी, शोधसूत्र 'बिब्ब्याचे झाड'. त्यातली खालची तीन अक्षरं बाकीच्या शब्दांनी भरून निघाली होती: ल्ला, त, क. म्हणजे एकीकडे 'इ' आणि पुढे काहीतरी, दुसरीकडे काहीतरी आणि पुढे 'ल्लातक'. वल्लातक? मल्लातक? कल्लातक? इव? इम? इक?

उत्तर 'भ'. हत्ती म्हणजे इभ, आणि बिब्बा म्हणजे भल्लातक. दोन्ही शब्द संस्कृतातले, दोन्ही शब्दकोशात सापडतात, चूक काहीच नाही. गज, करी, कुंजर, मातंग हे हत्ती मला माहीत होते. इभ कधीतरी वाचलाही असेल, पण वेळेवर आठवला नाही. आणि बिब्बा तर काय, माझ्या टाचेला कितीदा तरी लावलेला आहे. वस्तू ओळखीची, प्राणी ओळखीचा, आणि तरी चौकोन रिकामा! याला मी अवघड कोडं म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शोधसूत्र वाटेल तेवढं तिरकं असावं. मला चकवा, फसवा, तासभर भिंतीकडे बघत बसवा, माझी हरकत नाही. पण जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथे निदान एक तरी शब्द साध्या माणसाच्या आवाक्यातला हवा.

तिरक्या शोधसूत्रांची मजा काय सांगू! त्याच कोड्यात होतं: 'वाजते पण आवाज येत नाही', दोन अक्षरं. माझी नात तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते. रविवारी सकाळी ती माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसते. आठवड्यातला तेवढाच काय तो तिचा मराठीचा तास. ती म्हणाली घंटी, मी म्हटलं घंटीचा आवाज येतो की. मग ती म्हणाली म्यूटवरचा फोन. मी म्हटलं दोन अक्षरांत बसव. पंख्याखाली बसली होती, तिने खांदे आखडून घेतले आणि एकदम ओरडली, "थंडी! आजी, थंडी वाजते!" तो शब्द तिला लहानपणापासून माहीत आहे. पण आपण 'थंडी वाजते' म्हणतो तेव्हा नक्की काय वाजतं, याकडे तिचं (आणि खरं सांगायचं तर माझंही) लक्ष कधी गेलं नव्हतं.

दुसरं एक मागे आलेलं: 'कान आहेत पण ऐकू येत नाही', तीन अक्षरं. भिंत म्हणावं तर तिला ऐकू येतं, म्हणूनच तर आपण हळू बोलतो, आणि अक्षरंही दोनच. उत्तर कढई. आणखी एक: 'खाल्ला तरी पोट भरत नाही', दोन अक्षरं. आता भाव खातात, मार खातात, सरकारी कामं वेळ खातात. तिन्ही बरोबर. मग ठरवायचं कसं? उभ्या शब्दात 'भाकरी' आली, पहिलं अक्षर 'भा' मिळालं, आणि भाव नक्की झाला. छेदणारा शब्द असतो तो यासाठी. शोधसूत्र तुम्हाला गोंधळात टाकणार आणि छेद तुम्हाला हात देणार, असा तो अलिखित करार आहे. हात देणाऱ्यानेच पाय ओढला तर काय करायचं?

हे कोडी मुळात परदेशातून आली. २१ डिसेंबर १९१३ ला न्यू यॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत आर्थर विन नावाच्या गृहस्थांनी पहिलं कोडं छापलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. म्हणजे पहिलं कोडंसुद्धा रविवारचंच. पण इंग्रजीत आणि आपल्यात एक मोठा फरक आहे, तो आपले कोडं रचणारे विसरतात असं मला वाटतं. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर, आणि लेटरं एकूण सव्वीस. दोन्ही शब्द अनोळखी असले तरी सव्वीसातून अंदाज बांधता येतो, त्यातही स्वर हवा की व्यंजन हे दिसतंच. आपल्याकडे चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट सबंध अक्षर बसतं. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशे आठ. शिवाय सुटे स्वर, शिवाय जोडाक्षरं. 'ल्ला' हा एक चौकोन! एवढ्यातून अंदाज कसला बांधणार? म्हणून मराठी कोड्यात छेद प्रामाणिक असण्याची गरज इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

अंदाजावरून आठवलं. माझे वडील तरुणपणी बक्षिसांच्या कोड्यांची कुपनं भरून पाठवत असत. त्या काळी त्यांचं मोठं वेड होतं. वडील सांगायचे त्यावरून त्या कोड्यांची रीत अशी, की 'गरिबाला - मिळत नाही' अशा धर्तीचं वाक्य असायचं, आणि मान किंवा दान दोन्ही चालावं. बरोबर कोणतं, ते आधीच पाकिटात बंद करून ठेवलेलं. हा भाषेचा खेळ नव्हेच, हा आकडा लावणं झालं. १९५५ साली त्यावर कायदा आला आणि महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसं देणाऱ्या अशा स्पर्धांना बंदी झाली. त्यावर खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९५७ च्या निकालात, कौशल्याची स्पर्धा वेगळी आणि नशिबाचा जुगार वेगळा, हा कायदा जुगाराला लागू, असा भेद कोर्टाने केला. वडिलांना एकदाही बक्षीस लागलं नाही. पण ते मला म्हणायचे, ज्या कोड्यात विचार करून उत्तर सापडत नाही त्याला पोस्टाचं तिकीटसुद्धा लावू नये. इभ आणि भल्लातकाच्या चौकोनात मी शेवटी 'म' भरला तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. विचार संपला होता, नुसता आकडा लावला होता.

हे सगळं मी फोनवर माझ्या भाचीला ऐकवलं. ती बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला असते, आणि तिच्या नवऱ्याला न्यू यॉर्क टाइम्सच्या कोड्याचा नाद आहे. तो म्हणाला, मावशी, आमच्याकडे याला नावच आहे, 'नेटिक'. २००८ साली त्या कोड्यात एका ठिकाणी दोन शब्द छेदले होते. एक एन. सी. वायेथ या चित्रकाराचं नाव, म्हणजे ज्यांनी 'ट्रेझर आयलंड'ची चित्रं काढली ते. दुसरा शब्द बॉस्टन मॅरेथॉनच्या आठव्या मैलावरचं गाव, नेटिक. छेदाचा चौकोन होता 'एन'. चित्रकाराची आद्याक्षरं कुणाला पाठ असणार, आणि ते गाव तरी किती जणांना ठाऊक? रेक्स पार्कर या टोपणनावाने कोड्यांवर लिहिणारे एक समीक्षक इतके वैतागले की त्यांनी अशा अन्यायी छेदाला 'नेटिक' हेच नाव देऊन टाकलं, आणि ते तिकडे रूढ झालं.

मला फार बरं वाटलं. माझं दुखणं सातासमुद्रापार कुणाला तरी होतं, आणि त्याला नावही होतं!

पण तेवढ्यात पलीकडून भाची म्हणाली, "अगं पण मावशी, नेटिक म्हणजे आमचं शेजारचं गाव. मी शनिवारी भाजीला तिथेच जाते. मला तर तो चौकोन पहिल्या झटक्यात आला असता."

इथे माझी पंचाईत झाली. कारण मला लगेच आत्याबाई आठवल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांच्या हातची भाकरी खाल्लेली आहे, तेव्हा वेगळी ओळख नको. बाकीच्यांसाठी सांगते: कोरेगावकडचं शेतकरी घर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही म्हणजे अंगठा. मी शहरातून आलेली बी. ए. मराठी सून, त्यातून शाळामास्तरीण. त्या मला सूनबाई कधी म्हणाल्या नाहीत, 'बाई' म्हणायच्या, माझे विद्यार्थी म्हणायचे तसं, आणि त्यात किंचित चेष्टा असायची.

१९८६ च्या आसपासची गोष्ट. रविवारची सकाळ, त्या माझ्यासमोर मेथी निवडत बसलेल्या, मी कोडं घेऊन. असाच एक चौकोन अडलेला. उभा शब्द दोन अक्षरी, शोधसूत्र 'प्रमद्वरेचा पती'. दुसरं अक्षर 'रू' मिळालेलं. आडवा शब्द तीन अक्षरी, 'नांगराचा एक भाग', मागची दोन अक्षरं 'म' आणि 'णे'. मी 'कुरू' म्हणून बघितलं. मग नांगराचा भाग 'कुमणे' होतो. तसा काही भाग असेलही, मला काय कळतंय! नांगर म्हणजे फाळ, यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं. मी पुटपुटत होते तेवढ्यात समोरून आवाज आला, "काय म्हनतंय गं बाई तुजं कोडं?"

मी उगीच वाचून दाखवलं. नांगराचा एक भाग, शेवटी मणे.

"रुमनं की गं! ह्ये एवढं बी ठावं न्हाई? मूठ धरत्यात ती. तुजं मामंजी अख्खा दीस रुमनं धरून असायचं."

रुमणे. 'रु' आला. आणि 'रु' आल्यावर मला आदिपर्वातला रुरू आठवला. सर्पदंशाने गेलेल्या प्रमद्वरेला ज्याने आपलं अर्धं आयुष्य देऊन परत आणलं तो. (पहिला रु ऱ्हस्व आणि दुसरा दीर्घ, कारण शब्दाच्या शेवटचा उकार मराठीत दीर्घ लिहितात. ही शाळेतली खोड जात नाही.) मी आत्याबाईंना ती गोष्ट सांगितली. त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "आर्दंच दिलं व्हय?" आणि उठून गेल्या.

म्हणजे तो छेद माझ्यासाठी नेटिक होता आणि त्यांच्यासाठी नव्हता. त्या दिवसापासून आमचं रविवारचं कोडं दोघींचं झालं. बियाणं, बैल, दोरखंड, पाऊस, स्वयंपाक, नातीगोती हे खातं त्यांचं. पुराणं, नद्या, साहित्यिक, समानार्थी शब्द हे माझं. जूं, शिवळ, हळस, येठण हे शब्द मी त्यांच्याकडून शिकले. पुढे मी पाहिलं, त्यातले कितीतरी मोल्सवर्थच्या कोशात आहेत, म्हणजे इंग्रज माणसाने दीडशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलेले. बी. ए. ला ते मला भेटले नव्हते एवढंच.

आता एक कबुली. त्याच्या आदल्या का त्याच्याही आदल्या वर्षी मी सहामाहीच्या पेपरात 'समानार्थी शब्द लिहा' मध्ये 'दोर' दिला होता. उत्तरपत्रिकेसाठी माझ्या डोक्यात होतं 'रज्जू'. एका मुलाने लिहिलं 'चऱ्हाट'. मी त्यावर लाल फुली मारली आणि अर्धा गुण कापला. पेपर वाटले तेव्हा तो मुलगा जागेवरून उठला, म्हणाला, "बाई, आमच्यात चऱ्हाटच म्हणतात." मी म्हटलं, "तुमच्यात म्हणतात, पुस्तकात नाही." पुस्तकात होतं की! दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघालेले, शाळेच्या कपाटात कुलूपबंद होते. मी ते उघडून पाहिले नव्हते. तो मुलगा खाली बसला. पुन्हा त्याने माझ्या तासाला कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही. अर्ध्या गुणाने तो नापास वगैरे झाला नाही, पण त्याला काय कळलं असेल ते मला नीट माहीत आहे: आपल्या घरातली भाषा ही मराठी नव्हे.

रविवारच्या कोड्याबद्दल मी एवढं बोलते आहे ते त्यामुळे. इभ आणि भल्लातक जेव्हा एका चौकोनात भेटतात तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला मराठी येत नाही. आमच्या शाळेतले गणिताचे सर निवृत्त झाल्यापासून दर रविवारी दहा वाजता मला फोन करतात, "बारा उभा काय हो?" म्हणून. परवा म्हणाले, "मला आता मराठी येईनासं झालंय वाटतं." नात म्हणाली, "आजी, तुला पण येत नाही? मग मला कसं येणार?" आणि खुर्चीच्या हातावरून उठून आत निघून गेली. अर्ध्या तासापूर्वी थंडी सापडल्यावर नाचणारी मुलगी. मला राग आला तो या क्षणी, रिकाम्या चौकोनाचा नव्हे.

कोडं रचणाऱ्यांची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी एकदा सात बाय सातचं कोडं रचायला घेतलं होतं, तेव्हा घाम फुटला. 'की'च्या जागी 'का' चालत नाही, 'ल्ला' येईल तिथे दुसरा 'ल्ला' असलेलाच शब्द शोधायचा. शेवटचा कोपरा येईपर्यंत चांगले शब्द संपलेले असतात आणि मग माणूस संस्कृत कोशाच्या पाया पडतो. मीही पडले. कोपऱ्यात 'कंबू' घातला. कंबू म्हणजे शंख. सातवीच्या मुलांना कुठून माहीत असणार? पण योगायोगाने त्याच्या 'कं'मधून खाली 'कंदील' गेला होता आणि 'बू'मधून 'बूच'. कंदील सगळ्यांच्या घरी, बूच सगळ्या बाटल्यांना. पोरांनी चुटकीसरशी दोन्ही भरले, कंबू आपोआप तयार झाला, आणि पुढे वर्गातल्या एका गोलमटोल मुलाचं नाव वर्षभर कंबू पडलं. तो शब्द त्या वर्गातलं कुणी विसरलं नसेल, विशेषतः तो मुलगा.

तेव्हा अवघड शब्द नको असं मी म्हणतच नाही. इभ घाला, पण त्याच्या 'भ'मधून भाकरी नाही तर भजी... नाही, 'भा' चालणार नाही, भजी चालेल. भल्लातकाला वरून 'शुभ' द्या. मग आम्ही आनंदाने शिकू. आणि अवघडच घालायचे तर दर वेळी हत्ती, कमळ आणि सूर्य यांचेच पर्याय कशाला? हळस घाला, येठण घाला. ते शब्द आज माझ्या नातीला इभाइतकेच परके आहेत. तिला रुमणं विचारलं तर ती 'कुमणे'सुद्धा म्हणणार नाही. पण त्या शब्दांसाठी फोन करायला अजून माणसं आहेत. इभासाठी कुणाला फोन करणार?

(नात म्हणते, गूगलला. तिच्याशी यावर वाद चालू आहे. माझा नियम असा की दुपारच्या चहाआधी कोश नाही आणि फोनही नाही.)

बुधवारी संध्याकाळी ती आपणहून आली आणि म्हणाली, ते पणजीचं काय होतं, रुमणं? मी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने नांगर काढून दाखवायला घेतला. फाळ काढला, रुमणं काढलं, हळस काढली, जूं काढलं. शिवळ जुवाच्या कुठल्या भोकात बसते तिथे अडले. आत्याबाईंना जाऊन खूप वर्षं झाली. मग गावी पुतण्याला फोन लावला. तो हसला, म्हणाला, "काकी, आता ट्रॅक्टर आहे. पण जुना लाकडी नांगर गोठ्याच्या माळ्यावर पडलाय. उद्या उतरवतो आणि फोटो पाठवतो."

फोटो अजून आलेला नाही. तो हे वाचत असेल तर त्याने लक्षात ठेवावं, आणि नसेल तर त्याच्या बायकोने त्याला आठवण करावी. जूंसुद्धा उतरव म्हणावं, शिवळींसकट.